अळणी बर्फ

मार्गशीर्ष लागला की आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवरचं कॅलेंडर एकदम भाव खाऊ लागतं. एरवी त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. पण या महिन्यात मी आणि माझ्या एमफार्मच्या विद्यार्थिनी त्याच्यासमोर उभ्या राहून एकादशी कधी, गुरुवार किती, चंपाषष्ठी कुठल्या वारी, हे बोटांवर मोजत असतो. औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय, कोपऱ्यात लाखमोलाची यंत्रं, आणि बायका पंचांग बघतायत. एखाद्या पाहुण्याला वाटतं, काय भाविक मंडळी आहेत. खरं कारण सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आम्हाला बोकडाचे डोळे हवे असतात, आणि ज्या दिवशी गाव मटण खात नाही त्या दिवशी आम्हाला डोळे मिळत नाहीत.

डोळ्यात घालायचं कुठलंही नवं औषध डोळ्याला इजा तर करत नाही ना, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी आम्ही जिवंत जनावराला हात लावत नाही. खाण्यासाठी कापलेल्या बोकडाचा डोळा, जो एरवी मुंडीच्या रश्श्यात जातो नाहीतर उकिरड्यावर, तो सलाईनच्या बरणीत घालून बर्फावर ठेवून दोन-तीन तासांत प्रयोगशाळेत आणायचा. बुबुळावरची ती काचेसारखी चकती, म्हणजे कॉर्निया, भोवतालच्या पांढऱ्या भागाची चिंचोळी किनार ठेवून कापून घ्यायची. मग एका दुमजली काचपात्रात ती मधोमध बसवायची. वरच्या मजल्यावर औषध, खालच्या मजल्यावर डोळ्यातल्या पाण्यासारखं द्रावण, बाहेरून अंगाइतकी ऊब. आणि मग बघत बसायचं. चांगल्या कॉर्नियाच्या मागं छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. औषधानं घात केला असेल तर चकती फुगते, धुरकट होते, आणि अक्षरं दिसेनाशी होतात. इतकी साधी परीक्षा आहे ही. पण तिच्यात नापास झालेलं औषध पुढं कुणाच्या डोळ्यापर्यंत जात नाही.

यंदाच्या माझ्या दोन मुली हुशार आहेत. थर्माकोलची पेटी, तापमापक, वेळेच्या नोंदी, सगळं चोख. तरी त्यांची पेटी आली की मी झाकण काढते, बर्फाच्या पाण्यात बोट बुडवते आणि जिभेला लावते. प्रयोगशाळेत काहीही चाखायचं नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम त्यांच्यासमोर मीच मोडते. मुली एकमेकींकडं बघून हसतात. मॅडमनी प्रसाद घेतला, असं त्या माझ्यामागं म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणू देत. त्यांना हौसाआत्या ठाऊक नाही.

त्या हंगामाला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी एमफार्मच्या शेवटच्या वर्षाला होते. कारखान्यांची धुराडी पेटली होती. बारामतीत सकाळी गॅलरीत वाळत घातलेला पांढरा ॲप्रन संध्याकाळी काढावा तर त्यावर उसाच्या चिपाडाच्या राखेचे काळे बारीक कण बसलेले. हवेत मळीचा तो गोडसर, आंबूस वास. नवख्या माणसाला तो नकोसा होतो आणि आमच्यासारख्यांना परगावी गेल्यावर त्याचीच आठवण येते. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून जायचे. उसाला तुरे आले होते, आणि कोवळ्या उन्हात त्या तुऱ्यांवर चंदेरी झाक असायची. मी ते सगळं बसच्या खिडकीतून बघायची, मांडीवर दुधाची किटली घेऊन. किटलीत दूध कधीच नसायचं.

आमचं घर वडगाव निंबाळकरला. घरात तीन पिढ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं मला आठवत नाही. मी जेव्हा सांगितलं की माझा प्रकल्प बोकडाच्या डोळ्यांवर आहे, तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला. आबा अंगणातल्या गाईकडं बघत एवढंच म्हणाले, की शिकायचं तर शीक, पण ते घरात आणू नकोस. आबांचा शब्द मी पाळला. पण एकादशी कधी हे आईइतक्याच काटेकोरपणे मीही बघू लागले होते. तिला ती उपासासाठी हवी असायची आणि मला टाळण्यासाठी. आई कौतुकानं शेजारणीला सांगायची, पोरीला बारामतीत राहूनही एकादशीचं भान आहे.

बारामतीत आमचे डोळ्यांचे अन्नदाते म्हणजे मुलाणी चाचा. त्यांच्या मटणाच्या दुकानासमोर पहिल्यांदा गेले ती रस्त्याकडं पाठ करून उभी राहिले. चाचांनी माझ्या गळ्याकडं पाहिलं, माळ पाहिली, आणि दुकानामागच्या पडवीत एक स्टूल ठेवलं. रस्त्यावरून कुणी बघू नये म्हणून. पुढं आमची चांगली गट्टी जमली. मुंडी नेणाऱ्या गिऱ्हाइकाला ते समजावून सांगायचे की या मुलीला औषधासाठी डोळे पायजेत, तुमची हरकत न्हाय ना. बहुतेक जण हो म्हणायचे. एक गृहस्थ मात्र अडून बसले, डोळ्यांशिवाय मुंडी ही मुंडीच नव्हे म्हणाले, आणि चाचांनी त्यांना वर चार तुकडे कलेजी घालून माझ्यासाठी दोन डोळे सोडवून घेतले.

पण मार्गशीर्ष लागला आणि चाचांनी हात वर केले. घरोघरी बायकांचे गुरुवार, पुरुषांच्या माळा, निम्मं गाव महिनाभर मटणाच्या वाटेला जाणार नव्हतं. चाचा हसून म्हणाले, "बेटी, तुमच्याच लोकांनी माझा सुरा टांगून ठेवलाय. मी काय करू?"

मला हसू आलं नाही. मी तयार केलेले थेंब बुरशीवर होते. उसाचं पान डोळ्याला लागतं, पानाच्या धारेवरची बुरशी कॉर्नियात शिरते, आणि बघता बघता डोळ्यात फूल पडतं. आमच्याकडं कॉर्नियावर पडलेल्या पांढऱ्या डागाला फूल म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं सुंदर नाव कुणी दिलं असेल, कोण जाणे. बाजारातलं औषध दाटसर पांढरं असायचं, डोळ्यात टिकायचं नाही, दर तासाला घालावं लागायचं. मी ते डोळ्याच्या उबेनं जरा घट्ट होऊन टिकून राहील असं करायचा खटाटोप सहा महिने केला होता. औषध तयार होतं. ते डोळ्याला सोसतं का, एवढंच उरलं होतं, आणि प्रबंध द्यायची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. तेवढ्यात ती चाचणी झाली नाही तर पुढच्या सत्रापर्यंत थांबायचं. घरी माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. एकदा थांबले असते तर मी परत प्रयोगशाळेत उभी राहिले असते का, याची मला खात्री नव्हती.

या सगळ्यात माझ्याइतकीच जीव टांगून बसलेली आणखी एक बाई होती. हौसाआत्या. आबांची थोरली बहीण, इंदापूर तालुक्यातल्या कळसला दिलेली. तिच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. मी जन्मायच्या आधी, ऊस तोडताना पान लागलं. डोळा लाल झाला तेव्हा तिच्या सासूनं मायेनं स्वतःच्या थेंबांची उरलेली एक बाटली तिच्या डोळ्यात घातली. दुसऱ्याच दुखण्यासाठी आणलेली, स्टिरॉइडची, म्हणजे लाली दाबणारी पण बुरशीला मोकळं रान देणारी. पहिले दोन दिवस डोळा थंड वाटला, लाली गेली, सगळ्यांना बरं वाटलं, आणि आत बुरशी सुखानं वाढत राहिली. सासूबद्दल आत्या कधी वाईट बोलली नाही. तिचा जीव होता माझ्यावर, म्हणायची, नाहीतर कोण आपली बाटली दुसऱ्याला देतं.

मी औषध करतेय म्हटल्यावर आत्याला कोण आनंद झाला होता. दर फोनला एकच प्रश्न, झालं का तुझं औषध. मी तिला सांगायची की तुझं फूल त्यानं जाणार नाही, ते पडून जुनं झालंय, हे औषध फूल पडू नये म्हणून आहे. ती म्हणायची, "पडू नये म्हनून बी कुनीतरी बघायला पायजेच की. माझ्या टायमाला कुनी न्हाय बघितलं."

मार्गशीर्षाची अडचण तिला कळली तेव्हा तिनंच तोड काढली. त्यांच्या भागात एका मटणवाल्यांचं दुकान होतं, आठवड्याच्या बाजाराला त्यांचं मार्गशीर्षातही थोडं का होईना चालायचं. बाजाराच्या आदल्या दिवशी तू कळसला मुक्कामाला ये, सकाळी लवकर जाऊन डोळे घे, बर्फ मी करून ठेवते. बरणी घरात आणू का, असं मी विचारलं. तिच्या गळ्यातही माळ होतीच. ती म्हणाली, "वसरीवर ठेव. बघाय मला लावू नको म्हंजी झालं."

त्या सकाळची थंडी मला आजही बोटांच्या पेरांत आठवते. चुलीवरच्या पाण्याचा धूर, गोठ्यातल्या शेणाचा ऊबदार वास, धुक्यात लांबून येणारे ऊसतोड्यांच्या बैलांचे घुंगुर. मी बाजारात जाऊन सहा डोळे घेऊन आले. सहाच. सलाईनच्या बरणीत ते माझ्याकडं बघत होते, आणि मी त्यांना मनातल्या मनात सांभाळून राहा म्हणत होते. बरणी वसरीवर ठेवून मी हात धुवायला मागं गेले. आत्यानं दोन दिवस खपून फ्रीजमध्ये वाट्या-वाट्यांनी बर्फ केला होता. मी येईपर्यंत तिनं तो किटलीत भरला, डोळे मिटून बरणी मधे बसवली, वरून पुन्हा बर्फ, आणि किटलीला गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळून दिलं. एका माळकरी बाईनं डोळ्यांची बरणी हातात घेतली होती, माझ्यासाठी.

एसटी निघाली आणि उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. पुढं ट्रॅक्टर, त्याच्यापुढं बैलगाड्यांची रांग. अर्ध्या तासाच्या जागी तास, तासाच्या जागी दीड. कंडक्टर म्हणाला, ताई, दूध नासंल. मी म्हटलं, बर्फात आहे. मनात मात्र धाकधूक, की बर्फ वितळला असेल, डोळे तापले असतील. प्रयोगशाळेत पोचल्याबरोबर मी सुतळी कापली आणि आत पाहिलं. बर्फ अजून होता. इतकंच नव्हे, बरणीतल्या सलाईनवरही बर्फाची साय धरली होती. मी अक्षरशः नाचले. आत्याच्या वाट्यांचं, गोणपाटाचं कौतुक मैत्रिणींना सांगितलं.

अडाणीपणा आत्याचा नव्हता, माझा होता. सलाईन गोठलं म्हणजे डोळेही गोठले, आणि गोठलेला कॉर्निया मेलेला असतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण आनंदात माणसाला पाठ केलेलं आठवत नाही.

आमच्या मार्गदर्शक मॅडमचा एक हट्ट असायचा. कितीही टंचाई असो, सहातल्या दोन कॉर्नियांना औषध लावायचं नाही. नुसतं सलाईन. त्या दिवशी मी पहिल्यांदाच वाद घातला, की आधीच सहा आहेत, त्यातले दोन वाया कशाला घालवायचे. मॅडम त्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या विद्यार्थिदशेतली गोष्ट सांगितली. तेव्हा औषध जिवंत सशाच्या डोळ्यात घालायचे आणि ससा धरून ठेवायचं काम त्यांच्याकडं असायचं. "सशाला ओरडता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "मग आपल्यालाच नीट बघावं लागतं. आता ससा नाही, तरी नीट बघायचं तेवढंच आहे." मी दोन कॉर्निया नुसत्या सलाईनला दिले, पण मनातून नाही.

दुपारी चारच्या सुमारास मी कागद घेऊन काचपात्रांसमोर उभी राहिले. पहिली चकती दुधाळ. दुसरी दुधाळ. तिसरी, चौथी. माझ्या औषधानं चारही डोळ्यांत फूल पाडलं होतं. सहा महिने डोळ्यांसमोरून गेले. मी खुर्चीत बसले आणि आत्याला काय सांगायचं याचा विचार करू लागले. तेवढ्यात मॅडमनी पुढची दोन पात्रं दाखवली. नुसत्या सलाईनमधल्या त्या दोन चकत्याही तशाच. औषधाचा थेंबही न लागलेल्या.

मॅडमनी विचारलं, बर्फ कुणी भरला. किटली अजून कोपऱ्यात होती. त्यांनी आतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मी बघतच राहिले. मग त्यांनी मला खूण केली. मीही बोट लावलं. खारट. चांगलं खारट, खडे मीठ मूठ-दोन मूठ घातल्यासारखं. मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही खाली गार होतो, आणि आतली बरणी गोठते.

व्हरांड्यात जाऊन मी आत्याला फोन लावला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहवत नाही. तुला कुणी सांगितलं होतं नसतं शहाणपण करायला, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मग आत्या म्हणाली, "लगनात पॉटची आईसक्रीम करायचो आमी. मिठानं बर्फ टिकतो, म्हनून घातलं गं. आन् तूच म्हनली व्हतीस, डोळं मिठाच्या पान्यात असत्यात. आत चालतं तर भाईर का न्हाय चालनार, म्हनलं."

मग तिनं विचारलं, "डोळं वाया गेलं का?"

मी फोन ठेवून दिला. सासूच्या त्या बाटलीची आठवण मला तेव्हा झाली नाही, पुढं कितीतरी वेळा झाली. मायेनं घातलेलं औषध आणि मायेनं घातलेलं मीठ. ज्या बाईनं पहिलं सोसलं होतं तिच्यावरच मी दुसऱ्यासाठी तोंड टाकलं होतं. विज्ञान शिकत होते ना मी. मोठी विदुषी.

पुढचा बाजार आठ दिवसांनी. आत्याला परत विचारायची मला लाज वाटत होती, आणि तिनं फोन केला नाही. माझ्याकडं तारखेआधी एवढी एकच संधी होती. मी चाचांना गाठलं, त्यांनी त्या बाजारच्या मटणवाल्यांना फोन केला, कारण ते त्यांच्या नात्यातलेच निघाले. फोन ठेवल्यावर चाचा माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघू लागले. मग त्यांनी सांगितलं. माळ घातलेली एक म्हातारी परवाच तिथं जाऊन गेली होती. मार्गशीर्षाच्या गुरुवारी, भर रस्त्यात, मटणाच्या दुकानासमोर अर्धा तास उभी होती. ओळखीचे लोक थांबून बघत होते. दुकानदार आधी गडबडले, त्यांना वाटलं काही तक्रार आहे. ती म्हणाली, येत्या बाजारी जेवढी बोकडं होतील तेवढ्या सगळ्यांचे डोळे माझ्या भाचीला राखून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. आणि मग, तिला काय द्यावं कळेना म्हणून, नारळ ठेवून गेली.

त्या बाजारी मी कळसला गेले. आत्या वसरीवर बसली होती. दहा डोळे मिळाले होते. आत्यानं बर्फाच्या वाट्या आणल्या आणि किटलीत पालथी करण्याआधी प्रत्येक वाटीला जीभ लावली. एक, दोन, तीन, असं करत शेवटच्या वाटीपर्यंत. तिच्या चांगल्या डोळ्याला थंडीनं पाणी येत होतं, की कशानं, मी विचारलं नाही. "अळनी हाय," ती म्हणाली. "ने."

मी वाकून तिच्या पाया पडले. सॉरी वगैरे शब्द आमच्या घरात चालत नाहीत. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो बर्फानं गार पडलेला होता.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचा एक कपटा फाडून कॉर्नियामागं धरला. औषध लावलेल्या चकतीतून ‘गुरुवार’ हा शब्द काना-उकारांसकट स्वच्छ दिसत होता. सलाईनमधल्या चकतीतूनही. मॅडमनी दोन्ही पात्रांकडं पाळीपाळीनं पाहिलं आणि चष्मा पुसला. मी फोन लावून आत्याला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं बाई, आणि लगेच चुलीवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

ते औषध बाजारात आलं नाही, हेही सांगून टाकावं. प्रयोगशाळेतून दुकानापर्यंतचा रस्ता लांबचा असतो आणि त्यावर बहुतेक औषधं मधेच उतरतात. प्रबंध कपाटात आहे. कधी कधी विद्यार्थिनी तो चाळतात आणि विचारतात, मॅडम, आभाराच्या पानावर हौसाबाई कोण. मी म्हणते, माझी आत्या, बर्फ तिनं दिला. त्यांना वाटतं, मॅडम कायच्या काय आभार मानतात.

पुढं काही वर्षांनी कळसला डोळ्यांचं शिबिर आलं. आत्यानं परस्पर नेत्रदानाचा फॉर्म भरला आणि मग मला फोन केला. म्हणाली, सही नाही येत म्हणून अंगठा दिलाय, चालेल ना. मी चालेल म्हटलं. ती हसली. "आता माझी बी बरनी व्हनार म्हन की. त्यास्नी सांग, बर्फात मीठ घालू नका." मीही हसले. आम्ही दोघी त्या मिठावर हसू शकलो, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

तीन वर्षांपूर्वी, उसाचं गळीत संपत आलं होतं तेव्हा, एका सकाळी आत्या अंगणात बसल्या जागी गेली. तिच्या मुलाचा फोन आला. मी त्याला सांगितलं, पंखा बंद कर, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेव, डोक्याखाली उशी दे. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. नेत्रपेढीची माणसं बारामतीहून निघाली आणि वाट दाखवायला मी त्यांच्याच गाडीत बसले. वाटेत शेवटच्या काही ट्रॉल्या लागल्या. मी घड्याळ बघत होते. तेव्हासारखीच.

त्यांचं काम पंधरा-वीस मिनिटांत झालं. तंत्रज्ञ मुलगी हलक्या हाताची होती. फुलाचा डोळा शिकणाऱ्यांना अभ्यासाला जाईल, चांगला डोळा कुणाला तरी बसेल, असं तिनं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. अंगणात बायका रडत होत्या. दोन्ही डोळे काचेच्या दोन छोट्या बरण्यांत होते. ती म्हणाली, सकाळी आणखी एका ठिकाणी जाऊन आलो, पेटीतला बर्फ कमी झालाय, घरात थोडा मिळेल का. वहिनी आत गेली आणि फ्रीजमधून बर्फ घेऊन आली. स्टीलच्या वाट्यांमध्ये. त्याच वाट्या होत्या, काठावर आत्याचं नाव कोरलेल्या.

तंत्रज्ञ मुलगी पेटीत बर्फ रचू लागली. मी तिला थांबवलं. ती माझ्याकडं बघत राहिली, वहिनीही बघत राहिली. मी एकेका वाटीत बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. पहिली. दुसरी. शेवटच्या वाटीपर्यंत.

अळणी होतं.

"न्या," मी म्हणाले.